ओपन वर्ल्ड गेममध्ये क्यूबन वस्ती कशी उभारावी: कॉफीच्या खिडकीपासून डॉमिनोच्या टेबलापर्यंत

ओपन वर्ल्ड गेमसाठी क्यूबन स्थलांतरितांची वस्ती बनवायची ठरली, की रेफरन्स बोर्डावर पहिल्याच तासात हवानाचे फोटो चढतात: पापुद्रे सुटलेल्या वसाहतकालीन हवेल्या, लोखंडी गॅलऱ्या, १९५०च्या दशकातल्या रंगीत गाड्या. ते सगळे फोटो काढून टाका. जुन्या गाड्या हवानात टिकल्या, कारण तिथे नवीन अमेरिकन गाड्या येत नव्हत्या. मायामीत गेलेल्या क्यूबन माणसाने तिथली साधी अमेरिकन सिदान घेतली आणि बैठ्या बंगलीत संसार थाटला. मायामीतल्या लिटल हवाना वस्तीत उंच कमानी नाहीत. तिथे एकमजली दुकानं, १९२०-३०च्या दशकातली छोटी घरं आणि दोन-तीन मजली चाळवजा अपार्टमेंट आहेत. क्यूबन लोक येण्याआधी ही घरं इतरांची होती. १९३०च्या दशकात इथे ज्यू कुटुंबं मोठ्या संख्येने राहत. वस्ती क्यूबन झाली ती घरांमुळे नव्हे, तर घरांच्या वापरामुळे. मॉडेलिंगपेक्षा पाट्या, आवाज आणि माणसांच्या हालचालींवर जास्त तास ठेवायचे ते याचसाठी.

पुण्या-मुंबईतल्या अनेक आर्ट स्टुडिओंकडे परदेशी गेमच्या इमारती, पाट्या, सामान बनवायला येतं आणि बनवणारा तिथे कधी गेलेला नसतो. म्हणून इथे मापं आणि तपशील दिले आहेत. उदाहरणासाठी साल घेतलं आहे १९८६, म्हणजे २००२ साली आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी' या गेमच्या कथेचंच.

आधी साल ठरवा

कोणतंही मॉडेल उघडण्याआधी कागदावर साल लिहा आणि त्या सालापर्यंत कोण कोण येऊन पोचलं होतं ते मांडा. क्यूबात कास्त्रोची सत्ता आल्यावर १९५९ ते १९६२ या काळात आले ते मुख्यतः डॉक्टर, वकील, व्यापारी, बागायतदार. डिसेंबर १९६५ ते एप्रिल १९७३ या काळात रोजच्या विमानांनी अडीच ते तीन लाख माणसं आली, त्यांत छोटे दुकानदार आणि कारागीर बरेच. मग १५ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर १९८० या साडेसहा महिन्यांत मारिएल बंदरातून बोटींनी सुमारे सव्वा लाख लोक आले. त्यांत कष्टकरी आणि कृष्णवर्णीय क्यूबन लोकांचं प्रमाण आधीच्या लाटांपेक्षा जास्त होतं. काहींना ऑरेंज बोल स्टेडियममध्ये आणि महामार्गाच्या पुलाखाली तंबू ठोकून ठेवावं लागलं होतं.

१९८६ साली पहिल्या लाटेतला माणूस साठीला टेकलेला असेल, त्याचं स्वतःचं दुकान असेल आणि 'पुढच्या वर्षी परत जाऊ' हे तो पंचवीस वर्षं म्हणत आला असेल. मारिएलमधून आलेल्याला सहा वर्षं झालेली. तो त्याच दुकानात काउंटरवर उभा आहे आणि जुने क्यूबन त्याच्याकडे थोडं संशयाने बघतात. दुकानदाराची मुलगी अमेरिकेत जन्मलेली, घरात स्पॅनिश आणि दारात इंग्रजी बोलणारी. शिवाय ८०च्या दशकात निकाराग्वातून लोक येऊ लागले होते, ते पूर्वेकडच्या स्वस्त खोल्यांमध्ये राहत. एवढ्या चार प्रकारच्या माणसांवर पूर्ण वस्तीचे संवाद उभे राहतात.

साल ठरलं की चाळणी लावा. १९९४चे तराफ्यांवरून आलेले लोक अजून नाहीत. ऑरेंज बोलच्या जागेवरचं बेसबॉलचं नवं स्टेडियम २०१२चं, म्हणून जुनं ऑरेंज बोलच दाखवायचं. डॉमिनो पार्क १९७६चं, ते चालेल. पिग्सच्या उपसागरातल्या (बे ऑफ पिग्ज) १९६१च्या कास्त्रोविरोधी मोहिमेत मेलेल्यांचं स्मारक १९७१चं. षटकोनी स्तंभ, वर अखंड ज्योत. तेही हवंच. मार्चमधला काये ओचो (आठव्या रस्त्यावरचा) उत्सव १९७८पासून भरतो, म्हणून सणाचं मिशन लिहायला हरकत नाही.

रस्त्यांचं माप

मायामीच्या आखणीत अॅव्हेन्यू उत्तर-दक्षिण आणि स्ट्रीट पूर्व-पश्चिम धावतात. एका मैलात दहा अॅव्हेन्यू आणि सोळा स्ट्रीट बसतात. म्हणजे एक ब्लॉक साधारण १६१ मीटर लांब आणि १०० मीटर रुंद. वस्तीचा कणा म्हणजे साउथवेस्ट आठवा रस्ता, काये ओचो. या भागात तो एकेरी आहे, वाहनं फक्त पूर्वेकडे जातात. पश्चिमेकडे जायला शेजारचा सातवा रस्ता. ट्रॅफिकची जाळी बनवताना आठवा दुहेरी करून टाकणं ही हमखास होणारी चूक. एकेरी ठेवला तर पाठलागाची मिशनंही आपोआप रंगतात, कारण चुकीच्या दिशेने घुसलेली गाडी समोरच्या तीन लेनमधून वाट काढते.

वस्तीचा गाभा बाराव्या ते सतराव्या अॅव्हेन्यूच्या आसपास, म्हणजे सुमारे ८०० मीटर. खेळाडू सेकंदाला ६ मीटर धावत असेल तर हे अंतर सव्वादोन मिनिटांचं होतं आणि ते कंटाळवाणं वाटतं. पूर्ण वस्ती सारख्या प्रमाणात आकसू नका. ब्लॉकची लांबी निम्मी करा (८० मीटर), रुंदी ६० मीटरवर आणा, पण फुटपाथ आणि दुकानांची मापं खरी ठेवा. दाराची उंची किंवा फुटपाथची रुंदी आकसली की वस्ती खेळण्यातली दिसते, आणि आर्टिस्टला कारण सापडत नाही. मुख्य रस्त्यावर फुटपाथ किमान ३ मीटर ठेवा. त्याहून अरुंद केला तर कॉफीच्या खिडकीपुढची गर्दी आणि खेळाडूचा कॅप्सूल (टक्कर मोजणारा अदृश्य आकार) एकमेकांत अडकतात.

प्रकाशाचंही माप आहे. मायामी २५.८ अंश उत्तर अक्षांशावर. २१ जूनला दुपारी सूर्य जवळजवळ ८८ अंशांवर, म्हणजे डोक्यावरच; २१ डिसेंबरला ४१ अंशांवर. जूनचं वातावरण घेतलं तर पोर्चखाली गडद सावली पडते आणि भिंतींवर ऊन घासून जातं, त्यामुळे टेक्स्चरचे (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राचे) खडबडीत तपशील उठून दिसतात. डिसेंबर घेतला तर रस्त्याची एक बाजू दुपारीही सावलीत राहते. कलाकृती उन्हाळ्याच्या प्रकाशात मंजूर करून गेम हिवाळ्यात नेला, तर अर्ध्या पाट्या काळवंडतात. मे ते ऑक्टोबर पावसाळा. दुपारनंतर अर्धा तास धो-धो पाऊस आणि मग लगेच ऊन. हवामानाच्या चक्रात ही सर तीन ते पाचच्या दरम्यान टाका.

घरं आणि पाट्या

मॉड्युलर किट (जोडून इमारती उभ्या करायचे सुटे भाग) मोठं लागत नाही. दुकानांसाठी २५ फूट रुंदीचा एक बे, म्हणजे एक खण, धरा. त्याचे चार-पाच दर्शनी प्रकार, दोन छप्परकठडे, एक लोखंडी शटर आणि एक कापडी छत पुरतं. घरांसाठी समोर पोर्च असलेली बंगली, दोन कुटुंबांचं जोडघर आणि बाहेरून जिना असलेलं अपार्टमेंट. खिडक्यांना काचेच्या आडव्या झडपा, त्यांवर पांढरी लोखंडी जाळी, समोर तारेचं कुंपण. पोर्चच्या फरशीचा रंग घरागणिक बदला. काही अंगणांत काचेच्या पेटीतली छोटी देवळी ठेवा: संत लाझरस, संत बार्बरा किंवा कोब्रेची कृपामाता. सगळ्या घरांत नको. पाच-सहा घरांत एक पुरे. आंबा, अवोकाडो, रॉयल पाम ही झाडं आणि फुटपाथवर फिरणारा एखादा कोंबडा. निवडुंग अजिबात नको.

पाट्यांबाबत एक गोष्ट बहुतेक टीमना माहीतच नसते. नोव्हेंबर १९८०मध्ये डेड काउंटीत (मायामी ज्यात येतं त्या जिल्ह्यात) जनमताने नियम मंजूर झाला, की काउंटीचा पैसा इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेवर खर्चायचा नाही. तो १९९३ साली रद्द झाला. म्हणजे १९८६च्या वस्तीत काउंटीच्या बसथांब्यावर किंवा सरकारी सूचनाफलकावर स्पॅनिश दिसायला नको, आणि त्याच्याच मागे दुकानाची भिंत पूर्ण स्पॅनिश. ही एक विसंगती बरोबर टिपली तर त्या काळचं राजकारण एकही संवाद न लिहिता दिसतं. त्यासाठी पाट्यांचे दोन वेगळे अॅटलस (अनेक पाट्या एकत्र बसवलेली मोठी चित्रं) ठेवा, सरकारी आणि खासगी, म्हणजे सेट सजवणारा चुकूनही मिसळणार नाही.

खासगी पाट्या बहुतांशी हाताने रंगवलेल्या असाव्यात. फॉन्ट निवडताना डोक्यावर लहर असलेला एन, स्वरांवरची आघातचिन्हं आणि उलटी प्रश्न व उद्गारचिन्हं त्यात आहेत का ते आधी तपासा. नसतील तर इंजिन गुपचूप दुसरा फॉन्ट उचलतं आणि शब्दाच्या मधोमध एकच अक्षर परकं दिसतं.

कॉफीची खिडकी

वस्तीत एकच गोष्ट नीट करायला वेळ असेल, तर ती व्हेंतानिता करा. रेस्टॉरंट किंवा बेकरीच्या भिंतीतली ही सरकती खिडकी. लोक फुटपाथवर उभे राहून कॉफी पितात, राजकारण बोलतात, नोकऱ्या शोधतात, अफवा पसरवतात. १९७१पासून काये ओचोवर चालणारं व्हर्साय रेस्टॉरंट अशाच खिडकीसाठी ओळखलं जातं. गेमच्या दृष्टीने ही जागा म्हणजे वस्तीचा पार: खेळाडूला बातमी मिळवायची तर इथेच यावं लागलं पाहिजे.

बाहेरून काउंटरची उंची १०५ ते ११० सेंटीमीटर ठेवा, आतली जमीन १५ सेंटीमीटर वर, म्हणजे कॉफी देणारी बाई किंचित वरून बोलते. इथे रांग लावायची नाही. तयार रांगेचा कोड वापरला की ठिकाण बसथांब्यासारखं वाटतं. खिडकीभोवती अर्धवर्तुळात सव्वा ते अडीच मीटर त्रिज्येवर आठ जागा ठरवा, त्यांतल्या दोन कायम रिकाम्या ठेवा, आणि उभ्या माणसांची तोंडं खिडकीकडे नकोत, एकमेकांकडे हवीत. ऑर्डर देताना माणूस फक्त मान वळवतो.

आता कॉफी. स्टीलच्या मगात भरपूर साखर घेतात. मशीनमधून पडणाऱ्या पहिल्या, सर्वांत दाट थेंबांतला थोडा भाग साखरेवर ओततात आणि चमच्याने जोरात घोटतात. साखरेचा रंग तपकिरीवरून फिकट पिवळसर होतो आणि मलईदार फेस तयार होतो, तोच एस्पुमिता. मग उरलेली कॉफी त्यावर ओतली की फेस वर येतो. अॅनिमेशनमध्ये घोटण्याची क्रिया तोडू नका. आम्ही तिला किमान सहा सेकंद देण्याच्या मताचे आहोत, आणि मगावर चमच्याचा आवाज स्वतंत्र ठेवावा, कारण पाठ वळवलेल्या खेळाडूलाही कॉफी होते आहे हे त्यावरूनच कळतं. ओतताना फेसाचा रंग काळपट दिसला तर मटेरियल चुकलं. तो कॉफीपेक्षा बराच फिका असतो.

एकट्याने प्यायची ती काफेसितो, थोडं दूध घातलं तर कोर्तादितो. पण खेळाच्या कामाची आहे ती कोलादा: थर्मोकोलच्या एका पेल्यात चार-पाच जणांची कॉफी आणि सोबत प्लास्टिकचे चिमुकले पेले. कोलादा घेणारा ती वाटण्यासाठीच घेतो. हे थेट यंत्रणेत आणा. खेळाडूने कोलादा घेतली की हातात पाच पेले येतात. ज्याला पेला देईल तो माणूस एक माहिती सांगतो किंवा जुना राग थोडा विसरतो. पेले एकाच माणसाला दोनदा देता येऊ नयेत. चार मिनिटांनी कॉफी थंड होते आणि उरलेले पेले बाद. या एका मर्यादेमुळे खेळाडू पटपट माणसं शोधत वस्तीत फिरतो. बाजूला ताटलीत पेरूच्या गराचे पास्तेलितो आणि हॅमचे क्रोकेता ठेवा. टाको, नाचो, तिखट सॉसच्या बाटल्या दिसल्या तर तो मेक्सिकन अॅसेटपॅक (तयार मॉडेलांचा संच) घाईत वापरल्याचा पुरावा. क्यूबन स्वयंपाक तिखट नसतो. लसूण, आंबट संत्रं, जिरं आणि ओरेगानो ही त्याची चव.

डॉमिनोचा मिनीगेम

मायामीतले क्यूबन खेळतात तो संच दुहेरी नऊचा (शून्य-शून्यपासून नऊ-नऊपर्यंत), ५५ सोंगट्यांचा. पश्चिम क्यूबात हाच चालतो. पूर्वेकडे २८ सोंगट्यांचा दुहेरी सहा. बहुतेक डेव्हलपर तयार दुहेरी सहाचा कोड घेऊन आकडे वाढवतात आणि इथेच खेळ बिघडतो.

दुहेरी सहात चौघांना सात-सात वाटले की सगळ्या २८ सोंगट्या संपतात, त्यामुळे कोणाकडे काय आहे याचा हिशोब शेवटपर्यंत पक्का लागतो. दुहेरी नऊमध्ये चौघांना दहा-दहा, म्हणजे ४०. उरलेल्या १५ पालथ्या बाजूला राहतात आणि त्या कोणीही उचलत नाही. चाल नसेल तर पास. त्यामुळे 'ही सोंगटी कोणाकडे तरी असणारच' हे गृहीत धरणारा जुना कोड चुकीची खात्री बाळगतो आणि मूर्खासारखा खेळतो. एनपीसीला (संगणक चालवतो त्या पात्राला) पुढील पद्धत द्या. प्रत्येक आकडा दहा सोंगट्यांवर असतो. टेबलावरच्या आणि स्वतःच्या हातातल्या मोजून वजा करायच्या. कोणी पास म्हटलं की दोन्ही टोकांचे आकडे त्याच्याकडे नाहीत अशी नोंद करायची. ही नोंद त्या डावापुरती शंभर टक्के खरी. उरलेल्या अज्ञात सोंगट्यांसाठी 'बाजूला पडली असेल' ही शक्यताही मोजायची. समोरासमोर बसलेले दोघे भागीदार असतात, तेव्हा भागीदाराने ज्या आकड्याने सुरुवात केली तो आकडा टोकाला जिवंत ठेवण्याला जास्त वजन द्या. एवढ्यानेच खेळाडूला म्हातारे मुरलेले वाटतात.

दोन्ही टोकं बंद झाली, कोणालाच चाल नाही, तर हातातले ठिपके मोजायचे. कमी असेल त्याची जोडी जिंकते. पूर्ण संचात ४९५ ठिपके असतात, म्हणजे सरासरी सोंगटी नऊची आणि दहा सोंगट्यांचा हात नव्वदचा. गेममध्ये १०० गुणांवर डाव संपवला तर दोन-तीन फेऱ्यांत निकाल लागतो. मिशनसाठी हे बरोबर. हौशी खेळाडूंसाठी १५० ठेवा.

दिसण्याकडे वळू. ५५ वेगळी टेक्स्चर बनवू नका; शून्य ते नऊ असे दहा अर्धे चेहरे पुरतात, प्रत्येक सोंगटीवर दोन. सोंगटी पाच सेंटीमीटर लांब धरली तर ४० सोंगट्यांची ओळ दोन मीटर होते आणि टेबल नव्वद सेंटीमीटरचं, म्हणून कडेपासून आठ सेंटीमीटरवर ओळ काटकोनात वळवणारा नियम लागतो. जोडसोंगट्या (दोन्ही बाजूंना एकच आकडा असलेल्या) आडव्या ठेवतात. सोंगट्यांना भौतिकी लावू नका. पिसताना एखादी हमखास टेबलाच्या आरपार जाते आणि ५५ऐवजी ५४वर खेळ अडकतो. पिसणं हाताने टेबलावर गोल फिरवून, खडखडाट करत, हे आधी बनवलेल्या अॅनिमेशनने करा. मारक चाल खेळणारा सोंगटी टेबलावर आपटतो. हा आवाज पार्कच्या फाटकापर्यंत ऐकू यायला हवा. बघ्यांसाठी प्रत्येक टेबलामागे तीन जागा, आणि बघे न विचारता मतं देतात.

सिगार आणि बोतानिका

सिगारच्या दुकानात वळणारा कारागीर खिडकीजवळ बसवा: लाकडी पाट, अर्धचंद्राकृती पात्याची चावेता, वनस्पतिजन्य डिंकाची वाटी, दाबायचे साचे. फेब्रुवारी १९६२च्या निर्बंधामुळे क्यूबन तंबाखू कायदेशीर मिळत नाही. मे १९८५पासून निकाराग्वावरही व्यापारबंदी होती. तेव्हा १९८६च्या दुकानात गाठोड्यांवर डॉमिनिकन रिपब्लिक किंवा होंडुरास लिहा. खरी क्यूबन सिगार फक्त तस्करीच्या मिशनमध्ये, गल्ल्याखाली.

बोतानिका म्हणजे आफ्रो-क्यूबन पूजेचं सामान विकणारं दुकान. ते भुताटकीचं ठिकाण करू नका. ते लोकांच्या श्रद्धेचं दुकान आहे. देवतांचे रंग पाळा: चांगोला तांबडा-पांढरा, येमायाला निळा-पांढरा, ओचूनला पिवळा, ओबातालाला शुभ्र पांढरा. मण्यांच्या माळांत हे रंग उलटसुलट झाले तर जाणकाराला लगेच खटकतं.

आवाज आणि बोली

१९८६च्या मायामीत स्पॅनिश रेडिओवर दिवसभर राजकीय चर्चा चाले. रेडिओ माम्बी १९८५चं, क्यूबाच्या दिशेने प्रसारण करणारं रेडिओ मार्तीही त्याच वर्षीचं. गेममधलं केंद्र काल्पनिक असू द्या, पण सगळ्या दुकानांतल्या रेडिओंना एकच घड्याळ द्या. खेळाडू फुटपाथवरून चालताना न्हाव्याच्या दुकानात सुरू झालेलं वाक्य बेकरीत पूर्ण झालं पाहिजे. अडचण अशी की तोच आवाज चार ठिकाणांहून आला की तो पोकळ आणि घोगरा ऐकू येतो. उपाय म्हणून जवळचे दोनच स्रोत चालू ठेवा आणि दुसऱ्याच्या उच्च कंप्रतेच्या पट्ट्या कापा.

संवादांसाठी क्यूबन उच्चार असलेलेच कलाकार घ्या. ते शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात आणि वेगाने बोलतात. मेक्सिकन लकबीत बोलणारा 'क्यूबन' दुकानदार स्पॅनिश जाणणाऱ्या प्रत्येकाला चुकीचा वाटतो, आणि अशा खेळाडूंची संख्या अमेरिकेत प्रचंड आहे. वृद्ध पुरुषांना ग्वायाबेरा शर्ट घाला: चार खिसे, उभ्या बारीक चुण्या, सरळ कड, पँटमध्ये न खोचलेला.

मिशन लिहिताना

अशा वस्त्यांचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे तिथे राहणारा प्रत्येक जण टोळीचा सदस्य असतो. 'व्हाइस सिटी'त क्यूबन आणि हैतीयन टोळ्या एकमेकांशेजारी लढतात. प्रत्यक्षात लिटल हैती बरीच उत्तरेला आहे. त्यातल्या एका संवादावर २००३ साली हैतीयन-अमेरिकन संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला आणि नंतरच्या प्रतींतून तो मजकूर काढावा लागला. गुन्हेगारी कथा लिहायला हरकत नाही, पण एका टोळीवाल्यामागे वीस साधी माणसं त्याच रस्त्यावर जगताना दिसली पाहिजेत, आणि शिवी एखाद्या माणसाला असावी, समाजाला नसावी. मारिएलच्या लोकांवर तेव्हा वृत्तपत्रांनी सरसकट गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले त्यांत थोडे होते. तुमच्या मिशनमध्ये मारिएलहून आलेलं पहिलं पात्र खलनायक असेल, तर दुसरं आधी लिहा.

पाट्या, रेडिओचा मजकूर आणि संवाद, तिन्हींची एक यादी करून मायामीत वाढलेल्या क्यूबन वाचकाकडून तपासून घ्या, आणि ते टेक्स्चर पक्की (बेक) होण्याआधी, संवाद ध्वनिमुद्रित होण्याआधी. पाटीवरचं एक आघातचिन्ह दुरुस्त करायला यादीत दहा सेकंद लागतात. अॅटलस बांधल्यावर त्याच पाटीसाठी सर्व अंतरांवरची मॉडेलं पुन्हा काढावी लागतात. तपासणाऱ्याला मानधन द्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या.